हळद आणि आजार यांचे नाते संगणकाने शोधले, तर त्यावर किती विसंबावे?

मृण्मयी (धागाकर्ती)

नमस्कार. मी पुण्यातील एका महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवते आणि मधुमेही रुग्णांच्या लवकर न भरणाऱ्या जखमा हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. या जखमांसंदर्भात भारतीय वनस्पतींवर आजवर काय लिहिले गेले, हे एकत्र पाहावे म्हणून विद्यार्थ्यांच्या मदतीने पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या सूचीवरील सारांश उतरवून घेतले आणि त्यांवर टेक्स्ट मायनिंग, म्हणजे संगणकाने मजकूर चाळून माहिती काढणे, सुरू केले. पबमेडमध्ये आज ३ कोटी ७० लाखांहून अधिक नोंदी आहेत आणि दरवर्षी त्यांत दहा लाखांहून अधिक नोंदींची भर पडते, त्यामुळे एखाद्या विषयावरचे सगळे वाचून काढणे आता कोणालाच शक्य राहिलेले नाही.

आमची पद्धत साधी आहे. वनस्पतीचे किंवा तिच्यातील रसायनाचे नाव आणि जखम भरण्याशी संबंधित एखाद्या प्रथिनाचे नाव एकाच सारांशात आले, की ती जोडी नोंदवायची आणि अशा जोड्या मोजायच्या. तयार झालेल्या यादीत हळदीतील कुरकुमिन सर्वांत वर आहे आणि ते जवळजवळ प्रत्येक प्रथिनाशी जोडलेले दिसते. त्यावरून तीन प्रश्न पडले आहेत. अशा जोडीला पुरावा म्हणावे का? सारांश पुरेसे आहेत, की पूर्ण शोधनिबंधच हवेत? आणि ज्या संबंधाबद्दल अजून कोणीच काही लिहिलेले नाही, तो या मार्गाने सापडू शकतो का?

सागरगोटा

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे आहे, आणि ते चाळीस वर्षांपूर्वीच मिळाले आहे. शिकागो विद्यापीठातील माहितीशास्त्रज्ञ डॉन स्वॉन्सन यांनी १९८६ मध्ये रेनॉ सिंड्रोम आणि माशाचे तेल यांवर एक निबंध लिहिला. रेनॉमध्ये थंडी लागली की बोटांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि बोटे पांढरी किंवा निळी पडतात. या विकारावरच्या लेखनात रुग्णांचे रक्त घट्ट असते, प्लेटलेट एकमेकींना अधिक चिकटतात, अशी निरीक्षणे होती. माशाच्या तेलावरच्या लेखनात त्याने रक्ताचा घट्टपणा आणि प्लेटलेटचे चिकटणे कमी होते, असे म्हटलेले होते. हे दोन्ही गट एकमेकांचे लेखन वाचत नव्हते आणि एकमेकांचा संदर्भही देत नव्हते. स्वॉन्सन यांनी दोन्हीकडचे धागे शेजारी ठेवले आणि माशाचे तेल रेनॉच्या रुग्णांना उपयोगी पडेल, असे अनुमान मांडले. पुढे १९८९ मध्ये एका लहान चाचणीचे निष्कर्ष आले. प्राथमिक रेनॉ असलेल्या रुग्णांना थंडी अधिक काळ सहन झाली, मात्र दुसऱ्या आजारामुळे रेनॉ झालेल्यांना तसा फायदा दिसला नाही.

१९८८ मध्ये त्यांनी याच रीतीने अर्धशिशी आणि मॅग्नेशियम यांच्यामधले ११ अप्रत्यक्ष दुवे दाखवले. २०१२ मध्ये अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या अकादमीने अर्धशिशी टाळण्याच्या उपायांवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत मॅग्नेशियमला 'बहुधा परिणामकारक' या वर्गात ठेवले होते. मला या साऱ्यात विलक्षण वाटते ते हे, की स्वॉन्सन मूळचे भौतिकशास्त्राचे होते. त्यांनी एकही प्रयोग केला नाही, फक्त छापलेले वाचले.

निळासावळा

पण हे काम त्यांनी स्वतः वाचून केले होते ना? मग याला टेक्स्ट मायनिंग कसे म्हणायचे?

सागरगोटा

@निळासावळा, बरोबर आहे. सुरुवातीला संगणकाचा उपयोग शोध घेण्यापुरताच होता आणि जोडणी माणसाने केली होती. नंतर त्यांनी नील स्मॉलहायझर यांच्यासह अॅरोस्मिथ नावाची संगणकीय पद्धत तयार केली. दोन विषयांवरचे लेखन दिले, की दोन्हींत समान असलेले दुवे ती काढून देते आणि त्यांतले अर्थपूर्ण कोणते, हे संशोधक ठरवतो. दुवे सुचवण्याचे काम यंत्राचे आणि निवडण्याचे काम माणसाचे, ही विभागणी मला आजही योग्य वाटते.

विश्लेषक

मी बंगळुरूला जैवमाहितीशास्त्रात काम करतो. मृण्मयी, जोड्या मोजण्याआधी नावे नीट ओळखली गेली आहेत का, ते तपासा, कारण बहुतेक प्रकल्प तिथेच घसरतात. एकाच प्रथिनाला चार नावे असतात: पी३८ आणि मॅपके१४ हे एकाच ठिकाणी घेऊन जातात, पण साध्या शब्दशोधाला ते कळत नाही. उलट काही जनुकांची संक्षिप्त नावे इंग्रजीतील नेहमीच्या शब्दांसारखी आहेत. 'वॉज', 'रेस्ट', 'कॅट', 'इम्पॅक्ट' ही सगळी मानवी जनुकांची अधिकृत चिन्हे आहेत. लहान-मोठ्या अक्षरांतला फरक न पाळता शोध घेतला, तर 'वॉज' या शब्दामुळे भूतकाळी वाक्य असलेला प्रत्येक सारांश विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम या आजाराच्या जनुकाशी जोडला जाईल.

नावांचा गोंधळ स्प्रेडशीटमध्येही होतो. 'सेप्ट२' किंवा 'मार्च१' असे जनुकाचे नाव घातले, की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. २०१६ मध्ये जीनोम बायॉलॉजीमधील एका पाहणीत दिसले, की ज्या निबंधांना जनुकांच्या याद्यांची एक्सेल पुरवणी जोडलेली होती, त्यांतील सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका होत्या. अखेर २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने ती नावेच बदलून 'सेप्टिन२' आणि 'मार्चएफ१' अशी केली.

वनस्पतींच्या बाबतीत तर तुम्हाला अधिकच जपावे लागेल. ब्राह्मी म्हणून काही ठिकाणी बाकोपा मोनिएरी वापरतात, तर काही ठिकाणी सेंटेला एशियाटिका; शंखपुष्पी या नावाखाली तीन-चार निरनिराळ्या वनस्पती येतात. सेंटेलावर जखमा भरण्याच्या संदर्भात भरपूर लेखन आहे, त्यामुळे ही गफलत थेट तुमच्या विषयात येईल. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतील गटाने इम्पॅट नावाचा भारतीय औषधी वनस्पतींचा आणि त्यांतील रसायनांचा संग्रह केला आहे. नावे जुळवण्यासाठी तो जरूर वापरा. जनुके, आजार आणि रसायने यांच्यासाठी पबटेटर या सेवेने आधीच खुणा करून ठेवलेले सारांश मोफत मिळतात, त्यामुळे ते काम नव्याने करण्याची गरज नाही.

बोरघाट

मी औषधरसायनशास्त्रात अनेक वर्षे काढली आहेत आणि मला पहिल्या प्रश्नाबद्दल स्पष्टपणे लिहायचे आहे. कुरकुमिन यादीत सर्वांत वर आले, याचा अर्थ कुरकुमिनवर सर्वांत जास्त लिहिले गेले, एवढाच होतो. एकत्र उल्लेखांची मोजणी संशोधकांचे लक्ष कुठे आहे ते दाखवते. रेणू काय करतो ते दाखवत नाही.

यामागे रासायनिक कारण आहे. कुरकुमिन स्वतः रंगीत आहे आणि ते प्रकाश शोषून पुन्हा सोडते, त्यामुळे प्रकाशावर आधारित चाचण्यांत प्रथिनाशी काहीही न घडता परिणाम झाल्यासारखा दिसू शकतो. ते अनेक प्रथिनांशी अविशिष्ट रीतीने बांधले जाते, पेशींच्या आवरणाला धक्का लावते, शरीरासारख्या द्रावणात ठेवले की झपाट्याने मोडते आणि तोंडावाटे घेतल्यास रक्तात फारच थोडे पोहोचते. या साऱ्याचा सविस्तर आढावा २०१७ मध्ये जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत आला. त्यात १२० हून अधिक मानवी चाचण्यांचा उल्लेख आहे आणि दुहेरी अंध (कोणाला काय दिले हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेली), प्लासिबोशी म्हणजे बनावट औषधाशी तुलना केलेली एकही चाचणी यशस्वी झालेली नाही, असा लेखकांचा निष्कर्ष आहे. प्रयोगशाळेतल्या शेकडो 'होकारांचे' सारांश तुमच्या यंत्राने वाचले आणि त्या होकारांमागचा दोष मात्र त्याला दिसला नाही, कारण सारांशात तो लिहिलेला नसतो. प्रसिद्ध झाल्यावर दोषांमुळे मागे घेतलेले निबंधही तुमच्या संग्रहात असतील. ते वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कुंभार्ली

बोरघाट यांनी निबंधांबद्दल जे लिहिले, ते रुग्णालयातील नोंदींना आणखी जास्त लागू होते. मी फिजिशियन आहे. आमच्या केसपेपरवर 'छातीत दुखत नाही, दम लागत नाही, न्यूमोनियाची चिन्हे नाहीत' अशी वाक्ये सर्रास असतात, कारण काय नाही हे लिहिणे निदानासाठी तितकेच गरजेचे असते. साध्या शब्दशोधाला त्यांतले 'नाही' दिसत नाही आणि तो रुग्ण न्यूमोनियाच्या गटात जातो. २००१ मध्ये वेंडी चॅपमन आणि सहकाऱ्यांनी नेगएक्स नावाचा नियमसंच प्रसिद्ध केला. नकारदर्शक शब्द कुठे आला आणि त्याचा अंमल पुढच्या किती शब्दांवर आहे, एवढेच तो पाहतो. इतका साधा असूनही तो बराच उपयोगी पडला आणि त्यावरून पुढे अनेक पद्धती निघाल्या.

लघुरूपांचेही तसेच आहे. एम.एस. म्हणजे हृदयरोग विभागात मायट्रल स्टेनोसिस (हृदयाच्या झडपेचे आकुंचन), मज्जासंस्थेच्या विभागात मल्टिपल स्क्लेरोसिस आणि औषधांच्या तक्त्यात मॉर्फिन सल्फेट. आपल्याकडे केसपेपर अजून बरेचदा हातानेच लिहिलेले असतात आणि त्यांत इंग्रजी, मराठी, लघुरूपे असे सगळे एकाच ओळीत असते. अमेरिकेतील मिमिकसारख्या ओळख पुसलेल्या खुल्या नोंदींवर शिकलेले यंत्र आपल्या नोंदींवर तसेच्या तसे चालेल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

सह्याद्रीवारा

@बोरघाट, तुमचा आक्षेप मान्य आहे, पण त्यावरून पद्धतच निरुपयोगी ठरत नाही. बॅरिसिटिनिबचे उदाहरण पाहा. २०२० च्या फेब्रुवारीत लंडनच्या बेनेव्होलंटएआय या कंपनीच्या संशोधकांनी लॅन्सेटमध्ये पत्र लिहून संधिवाताचे हे औषध कोविडमध्ये वापरून पाहावे, असे सुचवले. वैद्यकीय माहितीचे जे मोठे जाळे त्यांनी वापरले, त्यात शोधनिबंधांमधून यंत्राने काढलेले संबंधही होते. विषाणूला पेशीत शिरायला मदत करणाऱ्या एएके१ या प्रथिनाला अडवणारी आणि सुरक्षित मात्रेत देता येतील अशी औषधे त्यांनी शोधली, आणि त्यांतले हे औषध दाहही कमी करणारे होते. पुढे मोठ्या चाचण्या झाल्या. भारतात मे २०२१ मध्ये त्याला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली आणि मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने रुग्णालयात दाखल असलेल्या, ऑक्सिजनची गरज पडणाऱ्या प्रौढ कोविड रुग्णांसाठी पूर्ण मान्यता दिली. साथ नुकती सुरू झालेली असताना इतक्या लवकर नेमके नाव पुढे येणे, ही साधी गोष्ट नाही.

बोरघाट

@सह्याद्रीवारा, उदाहरण चांगले आहे आणि मी ते नाकारत नाही. परंतु दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली म्हणजे उपयोग सिद्ध केला तो चाचण्यांनी. जाळ्याने फक्त कोणाची चाचणी घ्यावी, ते सुचवले. दुसरी म्हणजे रुग्णांना झालेला फायदा प्रामुख्याने दाह कमी झाल्यामुळे असावा, असे मानण्यास जागा आहे, आणि त्या गुणासाठी हे औषध आधीपासूनच प्रसिद्ध होते. सुचवलेले नाव बरोबर ठरले, म्हणून सुचवण्यामागचे कारणही बरोबर ठरते असे नाही. आपल्या यादीतील प्रत्येक जोडीला हा प्रश्न मृण्मयी यांनी स्वतंत्रपणे विचारायला हवा.

निळासावळा

हा फरक मला पहिल्यांदाच इतका स्पष्ट कळला. दोघांचेही आभार.

ग्रंथपाल_नागपूर

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. सारांशात लेखक मुख्य निष्कर्ष सांगतो. मात्रा, प्राण्याची जात, प्रयोगाच्या मर्यादा, अयशस्वी ठरलेले प्रयोग हे सारे आतल्या पानांत राहते. डेन्मार्कमधील एका गटाने २०१८ मध्ये दीड कोटी पूर्ण निबंध आणि त्यांचेच सारांश यांची तुलना केली, तेव्हा प्रथिने आणि आजार यांचे संबंध पूर्ण मजकुरातून अधिक चांगले मिळाले.

अडचण मजकूर मिळवण्याची आहे. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. तिच्यामुळे ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० सरकारी संस्थांना वाचायला मिळावीत, असे ठरले आणि त्यासाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. परंतु वाचायला मिळणे आणि यंत्राने हजारो निबंध एकदम उतरवून घेणे या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. विद्यार्थ्यांनी उत्साहाने हजारो निबंध एकदम उतरवले आणि प्रकाशकाने संपूर्ण संस्थेचा प्रवेश काही काळ बंद केला, असे घडू शकते. म्हणून आधी ग्रंथालयाकडून करारातील अट पाहून घ्यावी.

याच अडचणीवर उपाय म्हणून खुल्या माहितीचे अमेरिकी पुरस्कर्ते कार्ल मॅलमड यांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील सहकाऱ्यांसह ७ कोटी ३० लाख निबंधांचा साठा उभा केला होता. त्याची बातमी २०१९ मध्ये नेचरमध्ये आली. इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर निबंध ठेवायचे, संशोधकाने तिथे येऊन यंत्राकडून वाचून घ्यायचे आणि केवळ निष्कर्ष सोबत न्यायचे, अशी ती कल्पना होती. ब्रिटनने २०१४ मध्ये कायद्यात बदल करून अव्यावसायिक संशोधनासाठी अशा यांत्रिक वाचनाला मोकळीक दिली. आपल्याकडे स्वतंत्र तरतूद नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मधल्या संशोधनासाठीच्या सवलतीवरच भिस्त ठेवावी लागते. सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन त्याच देशातील संशोधकाला यंत्राने वाचता येऊ नये, ही स्थिती बदलायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे.

केंब्रिजकर

तोवर युरोप पीएमसी आणि पबमेड सेंट्रल या पूर्ण निबंधांच्या मोफत संग्रहांचे खुल्या परवान्याचे संच वापरता येतील. ते यंत्राने वाचण्यासाठीच दिलेले असल्यामुळे परवान्याची चिंता राहत नाही. मात्र एक गोष्ट निबंधात लिहावी लागेल: खुला संच हा संपूर्ण साहित्याचा प्रातिनिधिक नमुना नसतो. जुने निबंध त्यात कमी असतात, आणि वनस्पतींवरचे भारतातील बरेच जुने काम छापील अंकांतच आहे.

देवराई

अवांतर, पण हळदीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मार्च १९९५ मध्ये जखमा भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि ३२ संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ होते आणि १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील एक निबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. पुढे पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह त्यातूनच उभा राहिला. स्वॉन्सन ज्या न जोडलेल्या ज्ञानाबद्दल लिहीत होते, त्याच प्रकारचे हे आपले ज्ञान होते. ते छापलेले होते आणि तरी पेटंट तपासणाऱ्याच्या नजरेला पडत नव्हते. यंत्र केवळ इंग्रजी सारांश वाचणार असेल, तर हा भाग पुन्हा निसटेल.

सह्याद्रीवारा

एक शंका. हे सगळे करण्याऐवजी आता चॅटजीपीटीसारख्या मोठ्या भाषाप्रारूपांना थेट प्रश्न का विचारू नये?

विश्लेषक

@सह्याद्रीवारा, थेट प्रश्न विचारला तर उत्तर सफाईदार मिळते, पण त्यातले संदर्भ कधीकधी अस्तित्वातच नसतात आणि असले तरी वाक्याला आधार देतीलच असे नाही. हीच प्रारूपे वेगळ्या कामासाठी चांगली आहेत. त्यांना एक वाक्य द्यावे आणि त्यात सांगितलेला संबंध वाढवणारा आहे, घटवणारा आहे, की नाकारलेला आहे, एवढेच विचारावे. मूळ वाक्य आणि निबंधाचा क्रमांक प्रत्येक नोंदीसोबत ठेवावा, म्हणजे कोणालाही मागे जाऊन पडताळता येते. ज्या नोंदीमागे वाक्य दाखवता येत नाही, ती यादीत ठेवू नये.

मृण्मयी

सर्वांचे मनापासून आभार. चर्चेवरून काम असे बदलते आहे: एकाच सारांशात आलेल्या जोड्या मोजण्याऐवजी वाक्यातील संबंध काढायचा, नकार वेगळा नोंदवायचा, मागे घेतलेले निबंध वगळायचे, वनस्पतींची नावे इम्पॅटशी जुळवायची आणि खुल्या संचातील पूर्ण मजकूर घ्यायचा. प्रयोग फक्त काचपात्रातला, प्राण्यावरचा की माणसावरचा, हेही प्रत्येक नोंदीपुढे लिहिणार आहे. माझा उरलेला प्रश्न असा, की यंत्राने सुचवलेले नवे संबंध खरे निघण्याची शक्यता किती, हे प्रयोगशाळेत जाण्याआधी अजमावता येते का?

विश्लेषक

दोन पातळ्यांवर येते. आधी यंत्र वाचते तरी बरोबर का, ते पाहा. काही सारांश चिठ्ठ्या टाकून निवडा, दोन जणींनी एकमेकींना न विचारता त्यांतील संबंध हाताने नोंदवावेत, आणि मग यंत्राने दिलेल्यांपैकी बरोबर किती व असलेल्यांपैकी सापडलेले किती, ही दोन्ही मापे स्वतंत्र द्या. त्या दोघींचेच जिथे एकमत होत नाही, तिथे यंत्राकडून जास्त अपेक्षा ठेवता येत नाही.

भाकितासाठी काळाची रेषा आखतात. समजा २०१२ अखेरपर्यंतचेच साहित्य यंत्राला दिले, त्याला नवे संबंध सुचवायला सांगितले आणि त्यांतले किती पुढच्या वर्षांत प्रत्यक्ष नोंदले गेले, ते पाहिले. यात एक काळजी घ्यावी लागते. अलीकडचे भाषाप्रारूप वापरले, तर त्याने २०१२ नंतरचेही वाचलेले असते आणि परीक्षा निरर्थक होते.

बोरघाट

याला मी एवढेच जोडेन, की पुढच्या वर्षांत नोंदले गेले म्हणजे खरे ठरले असे धरू नये, नाहीतर ज्यावर सगळे लिहितात त्याचेच गुण पुन्हा वाढतील आणि कुरकुमिन पुन्हा वर येईल. किमान दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी दाखवलेला आणि प्राण्यावर किंवा माणसावर तपासलेला संबंधच बरोबर धरावा. एक फेरी कुरकुमिन पूर्ण वगळूनही करावी आणि मग यादीत काय वर येते ते पाहावे.

मृण्मयी

ती फेरी आधी करते. सेंटेला आणि बाकोपा वेगळे केल्यावरची यादी याच धाग्यावर देईन, नाकारलेले संबंधही तिच्यात असतील. @कुंभार्ली, नकाराची वाक्ये तपासायला एखाद्या डॉक्टरची नजर हवी आहे; आपल्याला जमेल का?

कुंभार्ली

अवश्य. वाक्ये मूळ परिच्छेदासह पाठवा. 'फरक आढळला नाही' हे पुरेशा रुग्णांवर तपासून लिहिले आहे की मोजक्याच रुग्णांवर, हे सुट्या वाक्यावरून ठरवता येत नाही.